न्यायवैद्यक मनोचिकित्सेचे प्रशिक्षण कसे घ्यावे

एमडी सायकिअ‍ॅट्रीच्या तीन वर्षांत न्यायालयाने निरीक्षणासाठी पाठवलेले आरोपी बहुतेक निवासी डॉक्टरांना मोजकेच पाहायला मिळतात आणि त्यांचे अहवालही बहुधा वरिष्ठच लिहितात. म्हणून ज्यांना न्यायवैद्यक मनोचिकित्सेकडे (आरोपीची मानसिक स्थिती तपासून न्यायालयाला मत देणाऱ्या उपशाखेकडे), म्हणजेच फॉरेन्सिक सायकिअ‍ॅट्रीकडे, वळायचे आहे त्यांनी पदवी हाती येण्याची वाट न पाहता निवासी असतानाच तयारीला लागावे.

औपचारिक वाट सरळ आहे. एमबीबीएस आणि आंतरवासिता पूर्ण झाल्यावर नीट-पीजी देऊन मनोविकारशास्त्रात एमडी किंवा तिच्या तोडीची डीएनबी ही पदवी घ्यावी लागते. त्यानंतर या उपशाखेसाठी बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत तीन वर्षांचे डीएम, म्हणजे एमडीनंतरची अतिविशेष पदवी, आहे. एवढा काळ देणे शक्य नसल्यास तिथल्याच एका वर्षाच्या पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपचा विचार करावा. ब्रिटनमध्ये तीन वर्षांचे मूलभूत मनोविकार प्रशिक्षण आणि एमआरसीसायक ही तिथली मनोविकारतज्ज्ञांची परीक्षा यांनंतर याच विषयाचे आणखी तीन वर्षांचे उच्च प्रशिक्षण असते. तिथे बंदिस्त रुग्णालयांत, म्हणजे रुग्णाला बंदोबस्तात ठेवून उपचार करणाऱ्या रुग्णालयांत, कामाचा भरपूर अनुभव मिळतो; मात्र कायदा तिथला शिकावा लागतो, आणि परतल्यावर इथला नव्याने.

खरे कष्ट कायदा समजून घेण्यात आहेत. एकाच आरोपीबद्दल न्यायालय वेगवेगळ्या काळांविषयी प्रश्न विचारते, आणि नवशिक्या डॉक्टर त्या सर्वांना एकच उत्तर देतो, ते म्हणजे निदान. भारतीय न्याय संहितेचे कलम 22, म्हणजे पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचे कलम 84, कृत्य घडले त्या वेळेविषयी विचारते: मनोविकलतेमुळे (कायद्याच्या भाषेत मन ठिकाणावर नसल्यामुळे) आरोपीला आपल्या कृत्याचे स्वरूप, किंवा ते चुकीचे अथवा कायद्याविरुद्ध आहे हे, कळणे अशक्य होते का? फौजदारी खटल्याची कार्यपद्धती ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमे 367 आणि 368 आजविषयी विचारतात: आरोपी स्वतःचा बचाव करू शकतो का? शिक्षेच्या टप्प्यावर प्रश्न पुन्हा बदलतो. दोषसिद्धीनंतर जडलेला गंभीर मनोविकार फाशीची शिक्षा सौम्य करण्याचे कारण ठरू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात मान्य केले. आज स्किझोफ्रेनिया हा गंभीर मनोविकार आहे म्हणून दोन वर्षांपूर्वी त्या रात्री समज नव्हती, असा निष्कर्ष निघत नाही, आणि आज रुग्ण व्यवस्थित बोलतो म्हणून तेव्हाही तो ठीक होता, असेही म्हणता येत नाही.

मग गेलेल्या वेळेविषयी मत बनवायचे कसे? 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पत्नीच्या खुनाच्या आरोपातून महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाला मुक्त केले, तो निकाल प्रत्येक प्रशिक्षणार्थीने मुळातून वाचावा. शिपायाच्या वडिलांचा मनोविकार, घटनेपूर्वी शिपायावर चालू असलेले उपचार आणि घटनेनंतर लागलीच पुन्हा सुरू झालेले उपचार यांची सलग साखळी तिथे पुराव्यात होती. तेव्हा जुने केस पेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, पोलिसांचे कागद, कारागृह रुग्णालयाच्या नोंदी आणि नातेवाइकांचे म्हणणे हे सर्व स्वतः मिळवण्याची सवय लावून घ्यावी. सोंगाची शंका असेल तर एका मुलाखतीवर विसंबू नये. रात्रपाळीच्या परिचारिकेने लिहिलेल्या झोपेच्या, जेवणाच्या आणि वागण्याच्या नोंदी अनेकदा आपल्या चाचण्यांपेक्षा अधिक सांगून जातात.

हा अनुभव महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत, तर गोव्यात बांबोळीच्या मनोरुग्ण संस्थेत शोधता येतो. शक्य असल्यास कारागृहातील बाह्यरुग्ण सेवेतही काम मागून घ्यावे आणि त्याआधी मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 मधील कैद्यांविषयीचे कलम 103 वाचावे.

मुलाखतीच्या सुरुवातीलाच आरोपीला स्पष्ट सांगावे की आपण त्याच्यावर उपचार करायला आलेलो नाही आणि तो जे बोलेल ते न्यायालयापुढे जाऊ शकते. ज्याच्यावर आपण स्वतः उपचार करत आहोत त्याचे न्यायालयीन मूल्यमापन शक्यतो दुसऱ्या डॉक्टरकडे द्यावे. आपल्याकडे तज्ज्ञ कमी असल्याने हे नेहमी जमत नाही, आणि जमले नाही तर तसे अहवालात लिहावे.

अहवालात कोणत्या आदेशावरून तपासणी केली, कोणते कागद पाहिले, काय आढळले आणि त्यावरून काय मत झाले, हे वेगवेगळे मांडावे. ‘आरोपी निर्दोष आहे’ असे लिहिणे हे आपले काम नव्हे, कारण कायद्याच्या अर्थाने मनोविकलता होती की नाही हे न्यायाधीश ठरवतात. माहिती अपुरी असेल तर मत देता येत नाही असे लिहिण्यात कमीपणा मानू नये.

साक्ष देण्याची वेळ येण्याआधी सत्र न्यायालयात मागच्या बाकावर बसून इतर डॉक्टरांची उलटतपासणी ऐकावी. वकिलाने ‘होय की नाही’ असा आग्रह धरला आणि तसे उत्तर खोटे ठरणार असेल, तर न्यायाधीशांकडे वळून खुलासा करण्याची परवानगी मागावी.