डोक्यातलं गाणं थांबतच नाही? ओसीडीमध्ये हमखास होणाऱ्या या चुका टाळा

अंथरुणावर पडलं की सुरू व्हायचं. एका गाण्याच्या दोनच ओळी, पुन्हा पुन्हा, पहाटेपर्यंत. मी हे कित्येक महिने काढलेत, आणि त्या काळात सुटका व्हावी म्हणून जे जे केलं त्यातल्या बहुतेक गोष्टींनी त्रास वाढवला. त्या चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

गाणं डोक्यात घोळणं हा काही आजार नाही. फिनलंडमधल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे ९० टक्के लोकांनी आठवड्यातून एकदा तरी असं होतं, असं सांगितलं होतं. बहुतेक लोक ते गुणगुणतात आणि विसरतात. ओसीडी, म्हणजे आपण ज्याला मंत्रचळ म्हणतो, तो असलेल्या माणसाला मात्र त्या गाण्याची धास्ती बसते. हे कधीच गेलं नाही तर? मला वेड लागतंय का? मग तो गाण्याशी झगडायला लागतो, आणि खरा आजार त्या झगड्यात वाढतो.

गाणं जबरदस्तीने थांबवणं

डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाचा १९८७ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटा वाजवायची, असं त्याने विद्यार्थ्यांना सांगितलं. घंटा वाजतच राहिली. पुढे विचार करायची मोकळीक दिल्यावर, सुरुवातीपासून मोकळीक असलेल्यांपेक्षाही याच विद्यार्थ्यांच्या मनात अस्वल जास्त वेळा आलं. एखादी गोष्ट मनात येऊ द्यायची नाही म्हटलं की मनाला पहाऱ्यावर बसावं लागतं, आणि पहारेकऱ्याला चोराचा चेहरा लक्षात ठेवावाच लागतो.

‘गेलं का?’ म्हणून तपासत राहणं

माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक, कारण ती चूक वाटतच नाही. कामात लक्ष लागलेलं असतं, दहा मिनिटं गाणं आठवलेलंही नसतं, आणि एकदम मन विचारतं, ‘अरे, गेलं वाटतं?’ झालं, ओळ पुन्हा सुरू. हे तपासणं म्हणजे कुलूप लावलंय की नाही हे वीसदा बघण्यासारखंच आहे. फक्त ते मनातल्या मनात होत असल्याने घरच्यांना दिसत नाही आणि आपल्यालाही सवय म्हणून ओळखू येत नाही. तपासायची उबळ येईल, ती येऊ द्या. उत्तर शोधायला मात्र जाऊ नका. ‘असेल किंवा नसेल’ एवढं म्हणून हातातलं काम पुढे न्या.

प्रत्येक युक्तीचा विधी करणं

पूर्ण गाणं ऐका, दुसरं गाणं लावा, च्युइंगम चघळा, असे सल्ले सगळीकडे मिळतात. त्यात तथ्य नाही असं नाही. इंग्लंडमधल्या रीडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की च्युइंगम चघळताना असं गाणं कमी वेळा मनात येतं. पण ओसीडीत आजची युक्ती उद्याची सक्ती होते. मी गाणं शेवटपर्यंत ऐकायला लागले, मग ते नीट ऐकलं की नाही या शंकेने पुन्हा पहिल्यापासून. भीती घालवण्यासाठीच एखादी गोष्ट करावी लागत असेल, आणि ती केल्याशिवाय जीव घाबरा होत असेल, तर सोडायच्या गोष्टींची यादी तिथूनच सुरू करा.

संगीतच टाळणं हाही त्यातलाच प्रकार. तसंच घरच्यांना ‘मी ठीक आहे ना?’ असं रोज विचारणं आणि रात्री जागून लक्षणं शोधत बसणं. दिलासा तासभर टिकतो.

चुकीच्या शब्दांत डॉक्टरांना सांगणं

‘मला गाणी ऐकू येतात’ असं सांगितलं तर भास होत असल्याचा समज होऊ शकतो. आठवणीसारखं आतच वाजतं की बाहेरून खरोखर कानावर पडल्यासारखं वाटतं, हे स्पष्ट सांगा. दुसरा प्रकार असेल तर कानांचीही तपासणी हवी. उतारवयात ऐकू कमी आल्यावर असे सांगीतिक भास होऊ शकतात.

ओसीडीवरचा मुख्य मानसोपचार म्हणजे ईआरपी, एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. त्यात तीच नकोशी ओळ मुद्दाम ऐकायची किंवा गुणगुणायची असते, आणि नंतर ती पुसण्यासाठी काहीही करायचं नसतं. पहिल्यांदा ऐकताना हे क्रूर वाटतं. हळूहळू घालमेल आपोआप ओसरते, गाणं चालू असतानासुद्धा, हे शरीराला कळायला लागतं. हे तज्ज्ञाच्या मदतीने, टप्प्याटप्प्याने करा.

औषध तिसऱ्या आठवड्यात सोडणं

फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारख्या गोळ्यांचा ओसीडीवर परिणाम दिसायला बहुधा ८ ते १२ आठवडे लागतात. ‘काही फरक नाही’ म्हणून मनाने बंद करू नका. बरं वाटल्यावरही एकदम थांबवू नका. आणि झोप पार उडाली असेल, किंवा या त्रासापायी जगणंच नको वाटायला लागलं असेल, तर पुढच्या भेटीच्या तारखेची वाट बघू नका. जवळच्या कुणाला तरी सोबत घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.