मानेवरचा तो मळ नव्हे! मुलांच्या कोलेस्टेरॉल-इन्सुलिनबाबत या चुका टाळा

इंदूरमध्ये मुलांच्या आहाराचा सल्ला देताना सगळ्यात जास्त राग येतो तो घासलेली मान बघून.

गेल्या पावसाळ्यात एक आजी अकरा वर्षांच्या नातीला घेऊन आल्या. "अहो ताई, बेसन झालं, लिंबू झालं, परवा घासणीने घासली, तरी मळ निघत नाही." पोरीने वेणी मानेवर ओढून धरली होती. बाजूला केली, तर दोन ठिकाणी कातडी सोलवटलेली आणि भोवती मखमलीसारखा जाड, काळसर पट्टा. काखेतही तसाच. वर्गातल्या मुली 'ही आंघोळ करत नाही' म्हणायच्या, हे तिने नंतर खाली मान घालून सांगितलं.

तो मळ नव्हताच. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं आणि त्या जादा इन्सुलिनने घडीच्या जागची त्वचा जाड होत जाते. तिची उपाशीपोटीची साखर ९४ आली होती, म्हणून घरचे निर्धास्त होते. पण स्वादुपिंड जादा राबतं तोवर ही साखर ठीकच दिसते. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी केली, ती ५.९ निघाली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. आम्ही साबण-लिंबू बंद केलं, कोल्ड्रिंकची बाटली आणि संध्याकाळचं डबाभर शेव-परमल (मुरमुरे) थांबवलं, रोज तासभर घाम येईपर्यंत खेळायला लावलं. इन्सुलिन उतरलं की डाग हळूहळू फिका होतो, पण त्याला महिने लागतात. पंधरा दिवसांनी "अजून गेला नाही" म्हणून फोन करू नका.

दुसरी चूक, मोठ्यांच्या आकड्यांनी मुलाचा रिपोर्ट वाचणं. रिपोर्टवर बहुधा '२०० च्या आत ठीक' असं छापलेलं असतं. ते मोठ्यांसाठी. मुलांचं एकूण कोलेस्टेरॉल १७० च्या आत हवं, २०० म्हणजे जास्तच. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ११० च्या आत, १३० पासून जास्त. दहा वर्षांपुढे ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, ९० च्या आत हवं, १३० पासून जास्त. म्हणजे ट्रायग्लिसराइड १४० आलं तर रिपोर्टवर खूणही नसते आणि मूल मात्र जोखमीत असतं. मी हे आकडे प्रत्येक रिपोर्टच्या कडेला पेन्सिलीने लिहून देते.

'आमचा तर हडकुळा आहे' हेही ऐकते. घरात कुणा पुरुषाला ५५ च्या किंवा बाईला ६५ च्या आत हार्ट अटॅक आला असेल, तर मूल कितीही बारीक असो, तपासणी करा. एलडीएल १६० च्या वर आणि घरात असा इतिहास, म्हणजे दोष आनुवंशिक असू शकतो. तो नुसत्या पथ्याने आटोक्यात येत नाही, बालरोगतज्ज्ञ औषधाचं ठरवतील. 'वयात आल्यावर बघू' म्हणू नका. त्या काळात कोलेस्टेरॉल काही काळ आपोआप उतरतं आणि फसवतं. ९ ते ११ हे वय तपासायला बरं.

ट्रायग्लिसराइड वाढलं की सगळे तुपावर तुटून पडतात आणि जिलेबी तशीच राहते. साखर आणि मैदा आधी कमी करा. डब्यातला फळांचा रस बंद, फळ चावून खाऊ द्या. थायरॉइड एकदा तपासून घ्या.

वजन झपाट्याने उतरवायच्या पावडरी आणि उपास वाढत्या मुलावर लादू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. बऱ्याच मुलांचं वजन आहे तिथे थोपवलं तरी पुरतं, उंची वाढते आणि प्रमाण सुधारतं. रविवारचे पोहे राहू द्या, शेव चिमूटभर, जिलेबी एकच. ताट मात्र सगळ्या घराचं बदला. बाबांच्या पुढ्यात कचोरी आणि पोरापुढे काकडी, असं एक आठवडाही टिकत नाही.

मी घरोघरी सुतळी वापरायला सांगते. मुलाच्या उंचीएवढी कापा, मधोमध दुमडा आणि पोटाभोवती गुंडाळा. टोकं जुळली नाहीत, तर डॉक्टरांकडे जा. दर दिवाळीला आणि वाढदिवसाला नवी सुतळी कापायची.