निंटेंडोचे १९८९चे टेट्रिस आज खेळायला घ्यायचे तर

जुन्या व्हिडिओ गेमच्या शौकिनांनी अलीकडे नव्या जोमाने हाती घेतलेल्या खेळांत निंटेंडोच्या आठ-बिट यंत्रावरचे, १९८९ साली आलेले टेट्रिस फार वरच्या स्थानावर आहे, आणि यामागे निव्वळ स्मरणरंजन नाही. डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या १३ वर्षांच्या एका मुलाने हा खेळ १५७व्या लेव्हलपर्यंत नेला आणि तिथे खेळच गोठला. माणसाच्या हातून असे प्रथमच घडले. ऑक्टोबर २०२४मध्ये मायकेल आर्टियागा या खेळाडूने, गोठण्याचा दोष टाळणारा बदल केलेल्या आवृत्तीवर, २५५वी लेव्हल ओलांडली आणि खेळ पुन्हा शून्याव्या लेव्हलवर आला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ज्यांचे बालपण गेले त्यांना हा खेळ टीव्ही गेमच्या कॅसेटींतून किंवा जत्रेत मिळणाऱ्या ‘ब्रिक गेम’मधून ओळखीचा आहे. परंतु त्या ओळखीच्या बळावर किंवा मोबाइलवरच्या सवयीने या आवृत्तीकडे वळणाऱ्याची पहिल्याच डावात फजिती होते, कारण तिचे नियम कडक आहेत आणि ती खेळाडूला कसलीही सवलत देत नाही.

आवृत्ती आणि पडदा

टेट्रिस मुळात १९८४ साली मॉस्कोमध्ये अलेक्सी पाजित्नोव यांनी तयार केले आणि त्यानंतर त्याच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या, त्यामुळे आपल्यासमोरची आवृत्ती कोणती आहे हे आधी तपासावे लागते. हवी असलेली आवृत्ती ओळखणे सोपे आहे: खेळ सुरू झाल्यावर डाव्या बाजूच्या उभ्या चौकटीत सातही ठोकळ्यांची चित्रे असतात आणि प्रत्येकापुढे तो आतापर्यंत किती वेळा आला याचा आकडा वाढत जातो, उजवीकडे वरपासून खाली सर्वोच्च गुण, चालू गुण, पुढचा ठोकळा आणि लेव्हल दिसते. जपानमध्ये १९८८ साली फॅमिकॉमसाठी, म्हणजे याच यंत्राच्या जपानी रूपासाठी, निघालेले टेट्रिस निराळे आहे. त्यात खालच्या दिशेचे बटण दाबल्यावर ठोकळा फिरतो, त्यामुळे त्यावर केलेला सराव इथे कामाचा नाही.

दुसरी खबरदारी वेगाची. अमेरिकी यंत्र सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रे, दाखवते, युरोपीय यंत्र ५०, आणि युरोपीय आवृत्तीत ठोकळ्यांचे वेगही वेगळे बसवलेले आहेत. अमेरिकी आवृत्तीत जो कमाल वेग २९व्या लेव्हलला लागतो तो युरोपीय आवृत्तीत १९व्या लेव्हललाच लागतो. गाजलेले बहुतेक विक्रम आणि खाली दिलेले सर्व आकडे अमेरिकी आवृत्तीचे आहेत. एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारे सॉफ्टवेअर, वापरत असल्यास त्याच्या सेटिंगमध्ये एनटीएससी, म्हणजे अमेरिकी पद्धत, निवडलेली आहे याची खात्री करावी. सरळमार्गी उपाय हवा असेल तर निंटेंडो स्विचच्या ऑनलाइन सदस्यत्वातील जुन्या खेळांच्या संग्रहात हा खेळ डिसेंबर २०२४पासून आहे. जुनी कॅसेट आणि चालू स्थितीतले यंत्र परदेशातून मागवता येते, पण नवशिक्याने त्या खर्चात पडू नये असे मला वाटते.

पडद्याचे महत्त्व मात्र कमी लेखू नये. सपाट टीव्ही चित्र दाखवण्यापूर्वी त्यावर प्रक्रिया करतात आणि त्यात काही फ्रेम वाया जातात. शून्याव्या लेव्हलला हे जाणवतही नाही, परंतु जिथे ठोकळा दोन फ्रेमला एक घर उतरतो तिथे बटण दाबणे आणि ठोकळा हलणे यांतले अंतर डाव बुडवते. स्पर्धांमध्ये आजही काचेच्या नळीचे जुने अवजड टीव्ही मांडलेले दिसतात ते याच कारणाने. घरी असा टीव्ही नसेल तर टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू करावा किंवा संगणकाच्या मॉनिटरवर खेळावे, आणि कंट्रोलर वायरचाच घ्यावा.

काय मिळत नाही

मोबाइलवरच्या टेट्रिसमध्ये ठोकळा राखून ठेवता येतो, तो कुठे पडेल याची सावली दिसते, एका बटणाने तो थेट तळाशी टाकता येतो आणि भिंतीला चिकटलेला ठोकळा फिरवला तर तो आपसूक बाजूला सरकतो. यांतले इथे काहीही नाही. पुढचा फक्त एकच ठोकळा दिसतो. भिंतीलगत उभ्या असलेल्या दांडीला, म्हणजे चार घरांच्या सरळ ठोकळ्याला, फिरायला जागा नसते, म्हणून ठोकळा आधी फिरवावा आणि मग सरकवावा, हा क्रम पहिल्या दिवसापासून हाताला लावून घ्यावा. ए बटणाने ठोकळा घड्याळाच्या दिशेने फिरतो, बी बटणाने उलट. बहुतेक नवशिके एकाच बटणावर भागवतात आणि मग जे काम एकदा दाबून झाले असते त्यासाठी तीनदा दाबत बसतात. दोन्ही बटणांची सवय सुरुवातीलाच करावी.

ठोकळ्यांच्या क्रमाचेही तसेच. नव्या आवृत्त्यांत सात ठोकळे पिसून एकेक वाटले जातात, त्यामुळे दांडीची वाट पाहण्याला मर्यादा असते. इथे तशी हमी नाही. लागोपाठ तोच ठोकळा येण्याची शक्यता थोडी कमी केलेली आहे, एवढेच. वीस-पंचवीस ठोकळे येऊनही दांडीचा पत्ता नसणे हा या खेळाचा नित्याचा भाग आहे आणि त्याची तयारी मांडणीतच करावी लागते.

मांडणी

गुणांचे गणित आधी समजून घ्यावे. एक ओळ पुसली की ४० गुण, एकदम दोन पुसल्या तर १००, तीनला ३०० आणि चार ओळी एका दांडीने पुसल्या, म्हणजे ‘टेट्रिस’ केले, तर १,२००. या आकड्याला लेव्हलमध्ये एक मिळवून गुणले जाते. म्हणजे १८व्या लेव्हलला एका टेट्रिसचे २२,८०० गुण होतात, आणि त्याच चार ओळी एकेक करून पुसल्या तर मिळून जेमतेम ३,०४०. मैदान १० घरे रुंद आणि २० घरे उंच आहे. त्यातली कडेची एक उभी रांग मोकळी ठेवून बाकीच्या नऊ भरत जायच्या आणि दांडी आली की त्या मोकळ्या विहिरीत सोडायची, हा सगळ्या मांडणीचा गाभा.

विहीर उजवीकडेच ठेवावी. दांडी आडवी अवतरते आणि उभी केल्यावर ती मध्यापासून किंचित उजव्या बाजूच्या घरात येते. तिथून उजवी भिंत चार घरांवर आहे आणि डावी पाच. एका घराचा हा फरक सुरुवातीला हास्यास्पद वाटतो, पण मोठ्या वेगात ते पाचवे घर गाठण्यापूर्वीच दांडी टेकते. याच कारणाने डावी बाजू कधीही खड्ड्यात जाऊ देऊ नये. ती मध्यापेक्षा थोडी उंच राहिली तर चालते, उलट मात्र चालत नाही.

पृष्ठभाग सपाट ठेवावा असे सर्वत्र सांगितले जाते आणि ते अर्धेच खरे आहे. एस आणि झेड आकाराचे ठोकळे अगदी सपाट जागेवर ठेवले की त्यांच्याखाली भोक पडतेच. त्यांना एका घराची पायरी लागते. म्हणून पृष्ठभागावर चौकोनी ठोकळ्यासाठी दोन घरांची एक सपाट जागा आणि एस व झेड दोन्हींसाठी सोयीच्या एकेका घराच्या पायऱ्या असाव्यात. एक घर रुंद आणि दोन घरे खोल खाच एल किंवा जे ठोकळ्याने बुजवता येते, पण तीच तीन घरे खोल झाली की दांडीशिवाय कशानेही नीट भरत नाही. विहीर सोडून दुसरीकडे कुठेही दांडीची गरज निर्माण होऊ देणे ही या खेळातली सर्वांत महागडी चूक आहे. ठोकळा ठेवताना ‘हा कुठे बसतो’ यापेक्षा ‘हा बसल्यावर पुढचे किती आकार बसू शकतील’ हे पाहावे. पुढचा ठोकळा कडेच्या चौकटीत दिसतोच.

दांडी येत नसेल आणि ढीग अर्ध्या उंचीच्या वर गेला असेल तर हट्ट सोडून विहिरीवर दुसरा ठोकळा टाकावा आणि एक-दोन ओळी पुसून टाकाव्यात. गुण कमी मिळतात, डाव वाचतो. भोक पडले असेल तर त्याच्यावरच्या ओळी आधी पुसून ते उघडे करावे, आणि तोवर टेट्रिसचा विचार बाजूला ठेवावा.

बोटांचे काम

दिशेचे बटण दाबून धरले की ठोकळा लगेच एक घर सरकतो, मग १६ फ्रेम थांबतो आणि त्यानंतर दर ६ फ्रेमला एक घर, म्हणजे सेकंदाला १० घरे या गतीने सरकत राहतो. सगळी अडचण त्या १६ फ्रेमच्या थांब्याची आहे. तो टाळण्याची युक्ती अशी: ठोकळा भिंतीला टेकला असताना दिशा दाबलेली असेल तर यंत्रातली थांब्याची मोजणी पूर्ण भरलेली राहते आणि बटण सोडल्याने ती रिकामी होत नाही, खाली येणारा ठोकळा हवेत असताना नव्याने दिशा दाबली तरच ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. एक ठोकळा बसल्यापासून दुसरा दिसेपर्यंत १० ते १८ फ्रेमचा अवकाश असतो. नेमक्या त्या अवकाशात दिशा दाबून धरली तर नवा ठोकळा थांब्याशिवाय सरकायला लागतो. हे वाचून हातात येत नाही. ‘टेट्रिसजिम’ नावाची, खेळाडूंनीच मूळ खेळात बदल करून तयार केलेली सरावाची आवृत्ती मिळते, तिच्यात अशा एकेका कौशल्यासाठी वेगळी सोय आहे.

सराव कोणत्या लेव्हलपासून करावा? शून्याव्या लेव्हलला ठोकळ्याला तळापर्यंत यायला १६ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात वाईट सवयी लागतात, म्हणून मांडणीचे डोके बसले की नवव्या लेव्हलपासून सुरुवात करावी; तिथे हा वेळ दोन सेकंदांचा आहे आणि पहिल्या १०० ओळी त्याच वेगात मिळतात. निवडीच्या पडद्यावर ० ते ९ इतकेच आकडे दिसतात, पण ए बटण दाबून धरून स्टार्ट दाबले की निवडलेल्या आकड्यात १० मिळवले जातात. आठवर असे केले की खेळ १८व्या लेव्हलला सुरू होतो. तिथे तळ गाठायला एक सेकंद लागतो, १३० ओळींनंतर १९वी लेव्हल लागते आणि तो वेळ दोन तृतीयांश सेकंदांवर येतो. २३० ओळींनंतर येणाऱ्या २९व्या लेव्हलला तो एक तृतीयांश सेकंद होतो. बटण दाबून धरण्याच्या पद्धतीने ठोकळा कडेपर्यंत पोहोचतच नाही. ही लेव्हल दीर्घ काळ खेळाचा शेवट मानली जाई.

ती भिंत फुटली ती बोटांच्या नव्या पद्धतींमुळे. दिशेचे बटण धरून न ठेवता सेकंदाला दहा-बारा वेळा थरथरत दाबणे ही पहिली. २०१८च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत सोळा वर्षांच्या जोसेफ सेलीने याच पद्धतीने सात वेळच्या विजेत्या जोनास न्यूबॉअर यांना हरवले. दुसरी ‘रोलिंग’: एक अंगठा दिशेच्या बटणावर हलका टेकवून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटे तबल्यावर फिरावीत तशी कंट्रोलरच्या पाठीवर एकामागून एक मारायची. प्रत्येक ठोक्यासरशी कंट्रोलरच अंगठ्याला येऊन भिडतो आणि बटण दाबले जाते. स्नायूंवर ताण कमी पडतो आणि वेग जास्त मिळतो. ओक्लाहोमातल्या मुलाची पद्धत हीच.

नवशिक्याने मात्र रोलिंगच्या मागे लगेच धावू नये. १९वी लेव्हल लागेपर्यंत भोके न पाडता ढीग सांभाळता येत नसेल तर वेगवान बोटे केवळ चुकाच लवकर करतात. ती पायरी आली की टेट्रिसजिममध्ये दांडी पाच ठोक्यांत डाव्या भिंतीला नेण्याचा सराव थोडा थोडा, हात सैल ठेवून करावा, अंगठ्याचा दाब बटण नुकतेच दाबले जाणार इतकाच ठेवावा, आणि मनगट दुखू लागले की त्या दिवशी कंट्रोलर ठेवून द्यावा.