चेलो रेकॉर्ड करताय? निदान या चुका तरी टाळा

गोव्यात चेलो वाजवणारे तसे थोडेच. पण जे आहेत त्यांच्यातला जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी आपली आवडती रचना रेकॉर्ड करायला बसतो, आणि मग तीच ठरलेली तक्रार येते: "वाजवताना इतकं छान वाटत होतं, रेकॉर्डिंगमध्ये ते गेलं कुठे?" कुठेही गेलेलं नसतं. आवडती रचना वाजवताना निम्मं आपण वाजवतो, उरलेलं निम्मं लहानपणापासून ऐकलेली रेकॉर्ड डोक्यात वाजत असते. मायक्रोफोनला पहिलंच निम्मं ऐकू येतं. म्हणून आवडीची रचना सगळ्यात आधी रेकॉर्ड करूच नये, असं माझं ठाम मत आहे. आधी एखादा रुक्ष एट्यूड (सरावाची रचना) घ्या, ज्याच्यावर तुमचं काडीचंही प्रेम नाही. खुर्ची कुरकुरते, प्रत्येक फ्रेजच्या आधी नाकातून श्वास ओढला जातो, बोची (गजाची) दिशा बदलताना खर्र होतं, हे सगळं त्यात उघडं पडतं. ते निस्तरलं की मग आवडीच्या रचनेकडे वळा. हे सांगितलं की नव्या मुलांचा चेहरा उतरतो. उतरू द्यावा.

लो-कटचं बटण

मायक्रोफोनच्या अंगावर किंवा प्रीॲम्पवर (मायक्रोफोनचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्रावर) लो-कटचं बटण असतं, साधारण ८० हर्ट्झच्या खालचं छाटणारं. गायकांसाठी बनवलेले व्हिडिओ पाहून आलेला माणूस पहिलं तेच दाबतो. चेलोची सगळ्यात खालची मोकळी सी तार ६५.४ हर्ट्झवर बोलते. म्हणजे मूळ स्वरालाच कात्री. ऐकताना हे चटकन लक्षात येत नाही, कारण वरचे हार्मोनिक (उपस्वर) शाबूत असतात आणि कान खालचा स्वर स्वतःच भरून घेतो. पण आवाजाचं पोट गेलेलं असतं. मग इक्वलायझरवर बास चढवला जातो, आणि त्याने वाढते ती फक्त पंख्याची घरघर. बटण बंद ठेवा. फारच गरज पडली तर सॉफ्टवेअरमध्ये ३५ ते ४० हर्ट्झच्या खालचं काढा, त्याच्या वर जाऊ नका.

पंखा आणि एसी टेकच्या (एका दमात केलेल्या रेकॉर्डिंगच्या) वेळी बंद, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. विजेची गुणगुण हा त्याहून चिवट प्रकार. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि तिचा दुसरा हार्मोनिक १०० वर येतो. चेलोची मोकळी जी तार आहे ९८ ला. दोन्ही एकत्र आले की लांब धरलेल्या जी स्वराला सेकंदाला दोन हेलकावे बसतात. वाजवणाऱ्याला वाटतं आपलाच बो थरथरतोय, आणि बिचारा आठवडाभर उजव्या हाताचा रियाज करतो. जुन्या घरांत अर्थिंग बेताचंच असतं, त्यामुळे आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं. नाही झालं तर सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्या.

मायक्रोफोन कुठे ठेवायचा, यावरून लोक भांडतात. मी सांगतो ते साध्या खोलीपुरतं: वाद्यापासून सुमारे एक मीटर, उंची ब्रिजपासून (तारा ज्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) वाजवणाऱ्याच्या हनुवटीपर्यंत कुठेही, रोख ब्रिज आणि फिंगरबोर्डाच्या टोकाच्या मधल्या जागेवर. एफ-होलमध्ये (वाद्याच्या पोटावरच्या f आकाराच्या फटीत) थेट रोखला तर बद्द आवाज येतो. कार्डिओइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) मायक्रोफोन ३० सेंटिमीटरच्या आत आणला तर खालचे स्वर नाहक फुगतात. खोली पावणेनऊ फूट रुंद असली तर आणखी एक गंमत होते. दोन भिंतींमधला पहिला अनुनाद ६५ हर्ट्झच्या आसपास पडतो, म्हणजे नेमका सी तारेवर. मायक्रोफोन मधोमध ठेवला तर तो स्वर गायब, भिंतीला चिकटवला तर घुमून घुमून डोकं उठतं. रुंदीच्या एक तृतीयांशावर ठेवा. मोजपट्टी घेऊन बसायचा कंटाळा असेल तर निदान एक फूट इकडेतिकडे सरकवून ऐका तरी.

कपेलचा मोह

चुन्याच्या जाड भिंती, वरती घुमट, समोर लाकडी अल्तार. गोव्यातल्या चेलोवाल्याला असं कपेल, म्हणजे छोटं चर्च, दिसलं की राहवत नाही. बसून वाजवलं की आवाज अंगावर येतो हे खरं, पण बरीचशी रेकॉर्डिंग तिथेच बुडतात.

सासष्टीतल्या अशाच एका कपेलात एका हुशार मुलाने संथ गतीची आवडती रचना रेकॉर्ड केली. दोन्ही मायक्रोफोन तिसऱ्या बाकाशी लावले होते, वाद्यापासून पाच-सहा मीटरवर. कारण काय, तर "श्रोते तिथेच बसतात." श्रोत्याला दोन कान असतात आणि समोर काय चाललंय ते दिसत असतं, त्यामुळे तो थेट आवाज आणि घुमणारा आवाज वेगळे करू शकतो. मायक्रोफोनला ते जमत नाही. त्याने सगळा चिखल इमानदारीने टिपला. पहिल्या टेकनंतर हेडफोन लावून कोणी ऐकलं असतं तर तिथेच कळलं असतं. पण सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) पोंपों, मग बाराची घंटा, यांच्या मधल्या शांततेत जेवढे टेक होतील तेवढे उरकायची घाई होती.

जेवून तीन वाजता पुन्हा सुरुवात झाली. सकाळी ए स्वर ४४१ ला लावलेला होता. दुपारी कपेल तापलं, स्टीलच्या तारा उतरल्या आणि ए आला ४३८ वर. कानाला सवय होत जाते, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. तीन हर्ट्झ म्हणजे जवळपास बारा सेंट, अर्ध्या स्वराचा आठवा भाग. सकाळ आणि दुपार जोडायला घेतली तेव्हा प्रत्येक सांध्यावर सूर पायरी उतरल्यासारखा खाली जायला लागला. पिच सॉफ्टवेअरने ओढून बसवावा म्हटलं, तर मागचा घुमारासुद्धा बरोबर ओढला जातो आणि ते कानाला लगेच कळतं.

सांध्यांचं दुसरं दुखणं त्याहून मोठं. घुमणाऱ्या जागेत प्रत्येक स्वराच्या खाली आधीच्या स्वराची शेपूट असते. त्या मुलाने चुकलेला पट्टा दुरुस्त करताना थेट चुकलेल्या स्वरापासून वाजवायला सुरुवात केली होती, म्हणजे त्याच्या खाली शेपूटच नाही. जोडल्यावर तिथे आवाज अचानक कोरडा व्हायचा. शेवटी दुपारचं सगळं टाकून सकाळचा एक अखंड टेक ठेवावा लागला, त्यातली एक खरवडलेली दुहेरी तार (दोन तारा एकदम वाजवलेली जागा) तशीच राहिली.

म्हणून माझे काही हट्ट. कपेलात मायक्रोफोन दीड मीटरवरून सुरू करायचा, अर्ध्या-अर्ध्या मीटरने अडीचपर्यंत मागे न्यायचा, प्रत्येक जागी एकेक मिनिट वाजवून हेडफोनवर ऐकायचं. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला मोकळी ए तार पाच सेकंद रेकॉर्ड करायची, म्हणजे सूर कधी सरकला याचा पुरावा फाइलमध्येच राहतो. दुरुस्तीचा पट्टा दोन बार (तालाचे खंड) आधीपासून, तितक्याच जोराने वाजवायचा. शेवटचा स्वर पूर्ण विरेपर्यंत बो हवेत धरायचा, आणि शेवटी रिकाम्या कपेलाची शांतता मिनिटभर टिपायची. एडिटिंगमध्ये ती लागतेच. रचना निदान तीनदा सलग, न थांबता. चार-चार बारचे तुकडे शिवून केलेलं संगीत ओळखू येतं, कितीही सफाईने शिवलेलं असो.

तारीख ठरवण्याआधी किल्ली सांभाळणाऱ्याला फेस्ताचे (चर्चच्या सणाचे) आणि नोव्हेनाचे (त्याआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांचे) दिवस विचारा. जुन्या गोव्यात २४ नोव्हेंबरपासून नोव्हेना आणि ३ डिसेंबरला फेस्त, पणजीत ८ डिसेंबरला. त्या दिवसांत तिथे शांतता मागणं हा शुद्ध भाबडेपणा. घरी रेकॉर्ड करणाऱ्यांनी गणेश चवथीचे दिवस सोडावेत. शेजारी घुमट आणि शामेळ ही चामड्याची वाद्यं सुरू झाली की चेलोने गप्प बसावं हेच शोभतं.

पावसाळा

जून ते सप्टेंबर रेकॉर्डिंग करू नका, एवढंच सांगून थांबलो असतो, पण लोक करतात. दमट हवेत बोचे केस लांबतात, स्क्रू कितीही फिरवला तरी ताण येत नाही. खुंट्या फुगून अडकतात. कडेचा सांधा सुटला तर एखाद्याच स्वरावर झर्र आवाज येतो. बोटाच्या पेराने कडेकडेने ठोकत जा, जिथे आवाज पोकळ बदलेल तिथे सांधा सुटलाय. तो वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडून चिकटवून घ्या, घरातला फेव्हिकॉल लावू नका. पुढच्या दुरुस्तीला तो सुटत नाही, लाकूड फाटतं. सुटलेला सांधा नसेल तर फाइन ट्यूनर (तार बारीक लावायचा स्क्रू), वुल्फ एलिमिनेटर (तारेवरची पितळी नळी) आणि तारेचं शेपटाकडचं टोक तपासा. निम्मी झर्रझर्र तिथूनच येते.

वुल्फ नोट, म्हणजे वाद्य अडखळून गुरगुरतं तो स्वर, बहुतेक चेलोंवर एफ ते एफ शार्पच्या आसपास सापडते, आणि हवा बदलली की थोडी सरकू शकते. ब्रिजच्या खालच्या बाजूला तारेवर बसवलेली पितळी नळी मिलिमीटरभर वरखाली करून बघा. तेवढ्या एका स्वरापुरता डावा गुडघा वाद्याला दाबला तरी भागतं.

कंडेन्सर मायक्रोफोन दमट हवेत तेलात मोहरी पडल्यासारखा तडतडतो. तो बिघडलेला नसतो. सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात एक रात्र ठेवा. एसीच्या गार खोलीतून थेट दमट हॉलमध्ये नेलं तर मायक्रोफोन आणि चेलो दोघांवरही दव धरतं, म्हणून पेट्या बंद ठेवूनच अर्धा तास थांबा.

बाकीच्या, उभ्याउभ्या

नव्या तारा रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी नाही, निदान आठवडाभर आधी चढवा.

फोनवर रेकॉर्ड करत असाल तर आवाज साफ करणारी सोय बंद करा. लांब धरलेल्या स्वराला ती गोंगाट समजते आणि खाऊन टाकते.

प्लॅस्टिकची खुर्ची नको.

लेव्हल: २४ बिट असेल तर सगळ्यात मोठा स्वर उणे १२ डेसिबलला आला तरी पुष्कळ. पिझिकाटोने (बोटाने तार छेडल्याने) लाल दिवा लागला म्हणजे तो टेक गेला.

चेलोचा एंडपिन (खालची टोकदार दांडी) पोकळ लाकडी पायरीवर टेकवला तर पायरीही वाजते. फरशीवर बसा, मायक्रोफोनच्या स्टँडखाली जाड गोणपाट घाला.

जुन्या पियानोसोबत वाजवायचं असेल तर तो बहुधा ४४० च्या खाली गेलेला असतो. आधी ट्यूनर बोलवा. नाहीतर चेलो त्याच्यापर्यंत उतरवा, पियानोवाल्याशी वाद घालू नका.

आणि अपलोड केल्यावर यूट्यूबने हक्काचा दावा लावला तर घाबरून व्हिडिओ उडवू नका. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी रचना मोकळी होते, पण नंतर कोणी केलेल्या अरेंजमेंटवर वेगळा हक्क असू शकतो, म्हणून कोणती आवृत्ती वाजवली ते आधी पाहा. यंत्र पुष्कळदा तुमचं वादन दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगशी जुळवून बसतं. तेव्हा रचना मुदतीबाहेरची आणि वादन स्वतःचं, असं लिहून हरकत नोंदवा. सगळे मूळ टेक, बिघडलेले धरून, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा.