टाके निघाले म्हणजे जखम भरली असं नाही: कॉस्मेटिक सर्जरीनंतर या चुका टाळा

‘व्रण दिसणार नाही ना?’ मिरजेत ड्रेसिंग करताना हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. दिसणार. कातडी खोलवर कापली की व्रण राहतोच. चांगला सर्जन तो घडीत, केसांत किंवा कपड्याखाली जाईल असं बघतो. पुढचं वर्षभराचं काम तुमचं आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाई. चेहऱ्याचे टाके साधारण ५ ते ७ दिवसांत निघतात, पोटाचे १० ते १४ दिवसांत. टाके निघाले की घरचे म्हणतात, झालं. पण तिसऱ्या आठवड्यात त्या जागेची ताकद मूळ कातडीच्या २० ते ३० टक्केच असते. तीन महिन्यांनी ती ८० टक्क्यांच्या आसपास पोचते आणि तिथेच थांबते.

तासगावकडच्या एका मावशींनी कानाची पाळी शिवून घेतली होती. वर्षानुवर्षं जड झुबे घालून भोक खालपर्यंत चिरलं होतं. आमच्याकडे असे कान फार येतात. तेवढ्याच जागेला भूल देऊन शिवतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. ऑपरेशन लहान, म्हणून पथ्यही लहान असं मावशींनी धरलं. महिना व्हायच्या आत पुतण्याचं लग्न आलं. सराफाकडे त्याच जागी टोचून घेतलं, झुबे घातले, आणि मांडवातच पाळी उसवली. पुन्हा शिवताना कडेची कातडी काढावी लागली, त्यामुळे पाळी आधीपेक्षा बारीक झाली. एका दिवसाच्या दागिन्यासाठी! तेव्हापासून मी कान टोचायची तारीखच फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून देते: तीन महिन्यांनंतर, व्रणावर नाही तर शेजारी, आणि आधी हलकी कुडी. लग्न तोंडावर आलं असताना नाक किंवा पोटाची सर्जरी ठरवणाऱ्यांना मी सरळ सांगते, लग्न उरकून या. नाकाची सूज पूर्ण उतरायला वर्ष लागतं आणि शेंडा सगळ्यात शेवटी उतरतो.

दुसरी चूक हळदीची. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मलाही अभिमान आहे. पण डब्यातली पूड निर्जंतुक नसते. ओल्या टाक्यांवर ती चिकटून बसते, आणि पिवळ्या थराखाली लाली वाढते आहे की नाही हे मला दिसतच नाही. सासूबाई कितीही आग्रह करू देत, जखमेवर लावू नका. दुधातून घ्या, हवी तर.

दीड-दोन महिन्यांनी व्रण आधीपेक्षा लाल आणि कडक होतो, तेव्हा सगळे घाबरून क्रीम बदलत सुटतात. तो काळ असाच असतो. रंग उतरून व्रण मऊ पडायला वर्ष ते दीड वर्ष जातं. त्याआधी कुणाच्या फोटोशी तुलना करू नका. जखम पूर्ण बंद झाल्यावर सिलिकॉनची पट्टी दिवसातले किमान १२ तास, दोन-तीन महिने. मला दुसऱ्या कुठल्या मलमापेक्षा तिचाच भरवसा आहे.

उन्हाने नवा व्रण काळा पडतो. बाहेर पडताना सनस्क्रीन आणि वर ओढणी, दोन्ही.

मिशरी हीसुद्धा तंबाखूच. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि टाक्यांच्या कडेची कातडी मरू शकते. सर्जरीच्या आधी आणि नंतर किमान ४ आठवडे पूर्ण बंद. घरच्यांसमोर सांगायची लाज वाटत असेल तर सिस्टरला बाजूला घेऊन सांगा, पण लपवू नका.

कान टोचल्यावर किंवा साध्या जखमेवर गाठ वाढली असेल तर ते सर्जरीआधीच सांगा. अशा वाढत जाणाऱ्या गाठीला कीलॉइड म्हणतात; ते मूळ जखमेबाहेर पसरतं. नुसतं कापून काढलं तर पुन्हा येतं, कधी आधीपेक्षा मोठं. त्यावर स्टेरॉइडची इंजेक्शनं लागतात आणि ती बऱ्याचदा घ्यावी लागतात.

आणि ताप, पू, वाढत जाणारं दुखणं किंवा एकाच बाजूला अचानक आलेली सूज दिसली, तर व्हॉट्सॲपवर फोटो टाकून नातेवाइकांची मतं घेत बसू नका. त्याच दिवशी सर्जनकडे जा, रविवार असला तरी.