वर्गात राणेसाहेबांची गोष्ट सांगायची असेल तर

जानेवारीत सोलापुरातली गड्ड्याची यात्रा उरकत आली की शाळांचे फोन सुरू होतात. २६ तारखेला या, पोरांना शौर्यावर दोन शब्द सांगा. मी बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर दलातला, निवृत्त हवालदार. म्हणून आमच्याच ग्रुपचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, परमवीर चक्र, यांची गोष्ट सांगतो. ज्यांना ती वर्गात सांगायची आहे त्यांच्यासाठी माझी पद्धत इथे लिहून देतो.

आधी सायटेशन, म्हणजे पुरस्काराचं मानपत्र, वाचा. सरकारच्या शौर्य पुरस्कारांच्या वेबसाइटवर ते सापडतं. त्यात विशेषणं आहेत, ती बाजूला ठेवा. तुम्हाला हव्यात त्या वेळा.

फळ्यावर चार तारखा लिहा: ८, ९, १०, ११ एप्रिल १९४८. जागा जम्मू-काश्मीरमधला नौशेरा ते राजौरी हा डोंगरातला रस्ता. रणगाडे राजौरीकडे निघालेले, आणि त्यांच्या पुढचे सुरुंग काढून वाट मोकळी करायची जबाबदारी राणेसाहेबांच्या तुकडीवर. आता एकेक वेळ पोरांकडूनच लिहून घ्या. ८ तारखेला सकाळी ११ वाजता काम सुरू व्हायच्या आतच मॉर्टारचे गोळे पडले. दोन जवान जागीच गेले, पाच जखमी, त्यात स्वतः राणेसाहेब. त्यांनी उरलेली माणसं गोळा केली आणि कामाला लागले, ते रात्री १० पर्यंत. दुसऱ्या दिवशी पहाटे ६ ला पुन्हा सुरुवात. रस्त्यावर चीडाची झाडं आडवी पाडलेली, ती सुरुंगाने उडवली. तीनशे यार्ड पुढे गेले तर पुन्हा तसंच. मग उडवलेली मोरी, म्हणजे रस्त्याखालचा छोटा पूल. संध्याकाळी सव्वासहाला पाच मोठी झाडं, भोवती सुरुंग पेरलेले, वरून मशीनगनचा मारा, आणि उजेड संपत आलेला. १० तारखेला पावणेपाचला पहाटे त्याच झाडांपासून सुरुवात, रात्री ९ पर्यंत, अन्न नाही की विश्रांती नाही. इथे थांबा आणि विचारा, किती तास झाले? पोरं बोटं मोजतात. सव्वासोळा. मागच्या बाकांवरची कुजबुज या आकड्याला थांबते, हे मी दरवेळी पाहिलंय. ११ तारखेला वाटेवरच्या चिंगस गावापर्यंतचा रस्ता खुला झाला, तरी ते रात्री १० पर्यंत पुढचा रस्ता साफ करत राहिले. १२ ला राजौरी आपल्या हातात आली.

मग पोरांना मैदानावर न्या. तीनशे यार्ड म्हणजे साधारण २७५ मीटर, तेवढं त्यांना चालवा. शाळेत वाळूचा खड्डा असेल तर त्यात डबीची पत्र्याची झाकणं पुरून ठेवा आणि दोघा-तिघांना पालथं झोपवून पेन्सिलीने शोधायला सांगा. पेन्सिल तिरकी धरायची, जमिनीला लागून, हळूहळू आत सारायची. उभी खुपसायची नाही, कारण सुरुंगाला दाब लागतो तो वरून. आम्ही संगिनीने हेच शिकलो. एक झाकण सापडायला पाच मिनिटं जातात, मान अवघडते, डोळ्यांत वाळू जाते. त्यावर गोळीबार मिसळा म्हणावं, आणि अंगावर जखम. या खेळाच्या आधीच बजावून सांगा: शेतात, नदीत अनोळखी लोखंडी वस्तू दिसली तर हात लावायचा नाही, मोठ्या माणसाला सांगायचं.

सोलापूरची पोरं एक प्रश्न हमखास विचारतात: हे आपल्या चार पुतळ्यांसारखे हुतात्मे का? नाही म्हणून सांगा. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा यांना इंग्रजांनी १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. ते सैनिक नव्हते. राणेसाहेब लढाईतून वाचले आणि १९९४ पर्यंत जगले. परमवीर म्हणजे मेलेलाच असतो, हा समज पोरांच्या डोक्यातून काढायलाच हवा. आणि लगेच फळ्यावर ८ तारखेला ११ वाजता बोट ठेवा. ते दोघे परत आले नाहीत, आणि सायटेशनमध्ये त्यांची नावं नाहीत. मी तिथे दोन रिकाम्या ओळी ओढतो आणि त्या पुसायच्या नाहीत असं सांगतो.

एक चूक माझ्याकडून झाली, ती तुमच्याकडून होऊ नये. एका शाळेत मी मरणाचं वर्णन फार रंगवलं. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने डोकं दप्तरावर ठेवलं ते वर काढलंच नाही. तिचे वडील तेव्हा सीमेवर होते, हे मला नंतर बाईंकडून कळलं. ती गोष्ट अजून मनातून जात नाही. तेव्हापासून मी आदल्या दिवशी वर्गशिक्षकांना विचारतो, कुणाच्या घरात फौजी आहे का, कुणी गेलंय का. असेल तर त्या लेकराशी आधी बोलतो आणि रक्ताचं काही सांगत नाही.

घोषणा शेवटी द्या, आणि एकदाच. प्रश्नांना पंधरा मिनिटं राखून ठेवा. कुणीतरी विचारतंच, त्यांना भीती वाटली नसेल का? मी सांगतो, सुरुंगावर हात ठेवलेल्या माणसाला भीती वाटतेच, मलाही वाटायची. पण मागे रणगाडे उभे असतात, त्यात आपली माणसं असतात, आणि वाट आपण काढली नाही तर ती पुढे जाऊ शकत नाहीत.