दुर्बीण, लेन्स, रिमोट सादळले तर: आतली ओल काढायची कशी

गेल्या जुलैत ताम्हिणीहून परतलो तेव्हा दुर्बिणीच्या उजव्या नळीत धुकं धरलं होतं. बाहेरून कितीही पुसलं तरी ढिम्म हलेना. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स कायम कोमट असतो, म्हणून रात्रभर तिला त्याच्यावर ठेवलं. सकाळी काच लख्ख! संध्याकाळी गच्चीवर गार वारा सुटला आणि धुकं पुन्हा हजर. ओल कुठे गेलीच नव्हती. उबेने तिची वाफ झाली, वाफ नळीतच कोंडून राहिली आणि काच गार पडताच परत तिच्यावर बसली.

ओल खरोखर बाहेर काढायची तर वस्तूभोवतीची हवा आतल्या हवेपेक्षा कोरडी हवी, आणि वेळ द्यायला हवा. पावसाळ्यात दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. त्याच हवेत पंख्याखाली ठेवलेल्या लेन्सच्या पोटातली ओल कशी निघणार? त्यामुळे कोरडी हवा आपणच तयार करायची, एका डब्यात.

डबा पापडाच्या डब्यासारखा घ्या: झाकणाला रबर असलेला, चारी बाजूंनी क्लिपा लागणारा. पाचेक लिटरच्या डब्याला पाव किलो सिलिका जेल पुरतं. बुटांच्या खोक्यातल्या पुड्या जमवून ठेवल्या असतील तर त्यांच्या भरवशावर राहू नका, त्या बहुधा आधीच ओल पिऊन बसलेल्या असतात. रंग बदलणारं सुटं जेल घ्या. निळं जेल ओल शोषलं की गुलाबी होतं, नारिंगी जेल हिरवं. ते सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधा, म्हणजे त्याची भुकटी काचेवर उडणार नाही. कपाटात टांगायच्या ओलशोषक पिशव्या मात्र या डब्यात नकोत. त्यांच्यात कॅल्शियम क्लोराइड असतं, त्याचं खारं पाणी होतं आणि ते लेन्सवर सांडलं तर आगीतून फुफाट्यात.

आता वस्तू. लेन्स कॅमेऱ्यापासून सोडवा, पुढचं-मागचं दोन्ही झाकणं काढा, झूम असेल तर नळी पूर्ण बाहेर ओढा. दुर्बीण चामड्याच्या पाकिटातून बाहेर काढा. चामडं ओल धरून ठेवतं आणि बुरशीला आयतं घर मिळतं. बाहेरचं पाणी मऊ कापडाने टिपून घ्या, मग डब्यात ठेवून झाकण लावा. लेन्सला चार-पाच दिवस, दुर्बिणीला आठवडा. रोज उघडून बघायचा मोह आवरा, प्रत्येक वेळी दमट हवा आत शिरते. जेल गुलाबी झालं तेवढं बदला.

निघाली का, ते बघायला वस्तू एसीच्या गार खोलीत तासभर ठेवा आणि मग टॉर्चच्या उजेडात आतून निरखा. गारव्यातही धुकं धरलं नाही तर काम झालं. टॉर्चमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. वाळवून ती मरत नाही आणि काचेवरचा लेपही खाते, तेव्हा लेन्स लगेच दुरुस्तीवाल्याकडे न्या.

दुर्बीण स्वतः उघडू नका. प्रिझम केसभर हललं तरी एकाच पक्ष्याचे दोन दिसू लागतात. तुमची दुर्बीण नायट्रोजन भरून सीलबंद केलेली असेल आणि तरीही आतून धुकं धरत असेल, तर तिचं सील गेलंय. डबा तात्पुरता उपयोगी पडेल, पण कायमचा इलाज दुरुस्तीवाल्याकडेच. उन्हात वाळवणं तर नकोच. भिंगातून एकवटलेलं ऊन कापड जाळू शकतं, आणि तापलं की काचा चिकटवलेला डिंक आणि आतलं वंगण सुटतं. हेअर ड्रायरलाही तेच लागू.

रिमोट, फोन, मिक्सर यांची गोष्ट थोडी वेगळी. ‘चालतोय का बघू’ म्हणून बटण दाबणं हाच इथला मोठा घात. ओल्या सर्किटमध्ये वीज गेली की काम खलास. रिमोटचे सेल काढा, स्क्रू असतील तर खोलून ठेवा. फोन बंद करा, सिमचा ट्रे काढा, चार्जिंगचं भोक खाली करून हलक्या हाताने आपटा, मग डब्यात. चार्जिंग दोन दिवस बंद. मिक्सरच्या मोटारीत पाणी गेलं असेल तर प्लग काढून दोन-तीन दिवस हातच लावू नका. समुद्रात भिजलेल्या वस्तूला नुसतं वाळवून भागत नाही, मीठ आतच राहून गंज धरतं. ती त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे.

आणि तांदूळ? आपल्याकडे फोन भिजला की हात आधी तांदळाच्या डब्याकडे जातो. तांदूळ ओल फार कमी शोषतो, वर त्याचं पीठ भोकांत जाऊन बसतं. अ‍ॅपलनेही २०२४ साली आयफोन तांदळात ठेवू नका असं स्पष्ट सांगितलं. तो तांदूळ खिचडीला वापरा.

गुलाबी जेल फेकू नका. जुन्या कढईत मंद आचेवर हलवत राहा, किंवा ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दीड-दोन तास ठेवा. पुन्हा निळं होतं. खिडकी उघडी ठेवा. निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे, म्हणून ती कढई पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. गरम जेल लगेच बरणीत भरून झाकण लावा. उघड्यावर गार व्हायला ठेवलंत तर सकाळी गुलाबीच सापडेल. माझी पहिली खेप अशीच वाया गेली.